अठरा आमदार, एक कुकर आणि न नोंदवलेला पक्ष: तमिळनाडूतील एका फुटीची गोष्ट

१५ मार्च २०१८ रोजी मदुराई जिल्ह्यातील मेलूर येथे झालेल्या सभेत अण्णा द्रमुकमधून फुटलेले नेते टी. टी. व्ही. दिनकरन यांनी 'अम्मा मक्कळ मुन्नेत्र कळघम' या संघटनेची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या अठरा आमदारांची आमदारकी सहा महिन्यांपूर्वीच गेलेली होती, ज्या 'दोन पाने' या चिन्हावर ते सारे निवडून आले होते ते चिन्ह प्रतिस्पर्धी गटाला मिळालेले होते, आणि नव्या पक्षाची निवडणूक आयोगाकडे रीतसर नोंदणी करण्याची खुद्द संस्थापकांचीच तयारी नव्हती. पक्ष काढायचा, पण नोंदवायचा नाही, हा प्रकार वरवर पाहता विचित्र वाटतो. मात्र भारतात एखादा पक्ष फुटतो तेव्हा कायदा नेमके काय पाहतो, हे समजून घ्यायचे असेल तर या एका उदाहरणाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

मुळात द्रविड राजकारणाला फूट नवी नाही. पेरियार यांच्या द्रविडर कळघममधून सी. एन. अण्णादुरै बाहेर पडले आणि १९४९ मध्ये द्रविड मुन्नेत्र कळघम, म्हणजे द्रमुक, स्थापन झाला. अण्णादुरै यांच्या निधनानंतर पक्षाचे खजिनदार आणि चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय नट एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) यांनी पक्षाच्या हिशेबांवर जाहीर प्रश्न उपस्थित केले, त्यांची हकालपट्टी झाली आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये अण्णा द्रमुकचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी दिंडिगल लोकसभा पोटनिवडणुकीत या फुटीर पक्षाचे उमेदवार माया तेवर 'दोन पाने' घेऊन उभे राहिले आणि विजयी झाले, तेव्हापासून हे चिन्ह आणि एमजीआर यांचे नाव तमिळ मतदाराच्या मनात एकमेकांना चिकटले ते कायमचे. १९७७ मध्ये रामचंद्रन मुख्यमंत्री झाले आणि मूळ पक्षातून फुटलेला पक्ष मूळ पक्षाच्या बरोबरीचा झाला. म्हणजेच दिनकरन ज्या पक्षातून फुटले, तो पक्ष स्वतःच एका फुटीतून जन्मलेल्या पक्षाची फूट होता.

त्या पक्षाने १९८७ साली एक रंगीत तालीमही करून ठेवली होती. २४ डिसेंबर १९८७ रोजी रामचंद्रन यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी जानकी मुख्यमंत्री झाल्या, जयललिता यांच्या गटाने त्यांना आव्हान दिले, विधानसभेत हाणामारीपर्यंत प्रकरण गेले आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. निवडणूक आयोगाने 'दोन पाने' गोठवली. १९८९ च्या निवडणुकीत जयललिता गट कोंबड्याच्या आणि जानकी गट कबुतरांच्या जोडीच्या चिन्हावर लढला. जयललितांना २७ जागा मिळाल्या, जानकी गटाची धूळधाण झाली आणि स्वतः जानकी आंडिपट्टीतून पराभूत झाल्या. मधल्या मध्ये द्रमुक सत्तेत आला. त्यानंतर जानकी राजकारणातून बाजूला झाल्या, दोन्ही गट एकत्र आले आणि चिन्ह परत मिळाले. आधी वेगळे लढून जनतेत कोणाचे वजन आहे ते सिद्ध करायचे आणि मग चिन्हासकट सगळा पक्ष ताब्यात घ्यायचा, हा धडा त्या वेळी पक्षातील सर्वांनी गिरवला होता. दिनकरन यांचा पुढचा सगळा डाव याच आठवणीवर उभा होता, असे मला वाटते.

५ डिसेंबर २०१६ रोजी जयललिता यांचे निधन झाले. मुख्यमंत्रिपद ओ. पन्नीरसेल्वम यांच्याकडे आले, पक्षाचे सरचिटणीसपद जयललिता यांच्या निकटवर्ती शशिकला यांच्याकडे. फेब्रुवारी २०१७ मध्ये शशिकला यांना मुख्यमंत्री करण्याच्या हालचाली सुरू होताच पन्नीरसेल्वम यांनी मरीना किनाऱ्यावरील जयललितांच्या समाधीसमोर ध्यानाला बसून बंडाचे निशाण फडकवले. शशिकला यांनी बहुसंख्य आमदार चेन्नईजवळच्या कूवतूर येथील रिसॉर्टवर हलवले. पण १४ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने बेहिशेबी मालमत्ता प्रकरणात त्यांना दोषी ठरवले आणि त्यांना बंगळूरच्या तुरुंगात जावे लागले. जाण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी केल्या: एडप्पाडी पलानीस्वामी यांना मुख्यमंत्रिपदासाठी पुढे केले आणि जयललितांनी २०११ मध्ये पक्षातून काढून टाकलेले आपले भाचे दिनकरन यांना पक्षात परत घेऊन उपसरचिटणीस नेमले. १८ फेब्रुवारीला पलानीस्वामी यांनी विश्वासदर्शक ठराव १२२ विरुद्ध ११ मतांनी जिंकला. विरोधात पडलेली ती अकरा मते पन्नीरसेल्वम गटाची होती. हा आकडा लक्षात ठेवावा.

सहा महिन्यांत चित्र उलटे झाले. मुख्यमंत्रिपदी स्थिरावलेल्या पलानीस्वामी यांना शशिकला आणि दिनकरन यांचे जोखड नकोसे झाले आणि २१ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी पन्नीरसेल्वम यांच्याशी समेट करून त्यांना उपमुख्यमंत्रिपद दिले. दुसऱ्याच दिवशी दिनकरन यांच्या बाजूचे १९ आमदार राज्यपालांना भेटले आणि मुख्यमंत्र्यांवर आपला विश्वास उरला नसल्याची पत्रे त्यांनी दिली. हे राज्यपाल म्हणजे सी. विद्यासागर राव, ते मूळचे महाराष्ट्राचे राज्यपाल आणि तमिळनाडूचा कार्यभार त्यांच्याकडे अतिरिक्त होता. त्यामुळे त्या वर्षभरात चेन्नईतील प्रत्येक पेचप्रसंगात 'राज्यपाल सध्या मुंबईत आहेत' हे वाक्य बातम्यांमध्ये हमखास असायचे.

आता थोडी आकडेमोड. २३४ जागांच्या विधानसभेत जयललितांची आर. के. नगरची जागा रिकामी होती, म्हणून सभागृह २३३ चे आणि बहुमताचा आकडा ११७. सत्ताधारी पक्षाकडे विधानसभा अध्यक्षांसह १३५ आमदार. त्यांतून १९ वजा केले की उरतात ११६. सरकार अल्पमतात जाण्याची ही स्पष्ट चिन्हे होती, आणि द्रमुकचे एम. के. स्टालिन विश्वासमताची मागणी करत होते. दिनकरन यांचे आमदार आधी पुदुच्चेरीच्या आणि नंतर कर्नाटकातील कोडगूच्या रिसॉर्टवर मुक्कामाला गेले. १९ पैकी एक आमदार मुख्यमंत्र्यांच्या बाजूला परतले. उरलेल्या १८ जणांना विधानसभा अध्यक्ष पी. धनपाल यांनी १८ सप्टेंबर २०१७ रोजी अपात्र ठरवले. या एका सहीने सभागृह २१५ चे झाले, बहुमताचा आकडा १०८ वर उतरला आणि सरकार वाचले. आमदार फोडून नव्हे, तर आमदार कमी करून बहुमत राखता येते, हे या घटनेने अगदी गणिताच्या उदाहरणासारखे दाखवून दिले.

हे कोणत्या आधारावर झाले? पक्षांतरबंदी कायदा म्हणजे राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, जे १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आले. त्यानुसार आमदार किंवा खासदार दोन प्रकारे अपात्र ठरतो: त्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले तर, किंवा पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाबाबतच्या पक्षादेशाविरुद्ध, मतदान केले अथवा मतदानाला गैरहजर राहिला तर. मूळ कायद्यात विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती 'फूट' मानून त्यांना संरक्षण मिळत असे. या सवलतीचा इतका घाऊक वापर झाला की २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढूनच टाकण्यात आली. आता उरली आहे ती फक्त विलीनीकरणाची वाट, आणि तिच्यासाठी दोन तृतीयांश सदस्य लागतात. याचा अर्थ असा की आजच्या कायद्याच्या लेखी 'फूट' नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. १३५ पैकी १८ म्हणजे जेमतेम १३ टक्के. त्यांना पूर्वीच्या कायद्यातही संरक्षण मिळाले नसते. त्यामुळे त्यांचा युक्तिवाद वेगळा होता. आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्ही फक्त मुख्यमंत्री बदला असे म्हणत आहोत, असे ते सांगत होते.

हा युक्तिवाद हवेतला नव्हता. २०१० मध्ये कर्नाटकात भाजपच्या अकरा आमदारांनी येडियुरप्पा यांच्यावर विश्वास नसल्याची पत्रे राज्यपालांना दिली होती आणि त्यांनाही अध्यक्षांनी अपात्र ठरवले होते. बाळचंद्र जारकीहोळी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुख्यमंत्र्याचा पाठिंबा काढणे म्हणजे पक्ष सोडणे नव्हे, असा आमदारांच्या बाजूचा अर्थ त्या निकालातून निघत होता. मद्रास उच्च न्यायालयात मात्र जून २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींमध्येच मतभेद झाले. मुख्य न्यायाधीश इंदिरा बॅनर्जी यांनी अध्यक्षांचा निर्णय उचलून धरला, तर न्यायमूर्ती एम. सुंदर यांनी तो रद्द ठरवला. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले आणि २५ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायमूर्ती एम. सत्यनारायणन यांनी अपात्रता कायम केली. अठरा जणांनी सर्वोच्च न्यायालयात जाण्याऐवजी पोटनिवडणुकीला सामोरे जाण्याचे ठरवले.

आता त्या अकरा मतांकडे परत यावे. पन्नीरसेल्वम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध, विश्वासदर्शक ठरावावर, सर्वांच्या देखत मतदान केले होते. दहाव्या परिशिष्टाच्या साध्या वाचनानुसार हे प्रकरण एका पत्रापेक्षा कितीतरी ठळक आहे. त्यांच्याविरुद्ध अर्जही दाखल झाले. परंतु अध्यक्षांनी त्यावर निर्णयच दिला नाही, उच्च न्यायालयाने अध्यक्षांना तसा आदेश देण्यास नकार दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण अध्यक्षांकडेच सोपवले आणि त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत अकरापैकी कोणीही अपात्र ठरले नाही. पत्र देणाऱ्यांची आमदारकी चार आठवड्यांत गेली, विरोधात मतदान करणाऱ्यांची चार वर्षांत गेली नाही. कायद्यात कालमर्यादा नाही, निर्णय देणारा अध्यक्ष सत्ताधारी पक्षातून आलेला असतो, आणि निर्णय कधी द्यायचा हे ठरवण्याची मुभा हीच त्याच्या हातातली खरी ताकद ठरते. महाराष्ट्रातील वाचकाला हे सांगण्याची फारशी गरज नाही. जून २०२२ मधल्या शिवसेनेतील बंडाबाबतच्या अपात्रता अर्जांचा निकाल आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर.

आमदारकीचा प्रश्न अध्यक्षांच्या दालनात सुटतो, पण पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे, हा प्रश्न पूर्णपणे वेगळ्या दारात जातो. निवडणूक चिन्हांबाबतच्या १९६८ च्या आदेशातील परिच्छेद १५ नुसार, मान्यताप्राप्त पक्षात दोन गट पडले तर खरा पक्ष कोणता हे निवडणूक आयोग ठरवतो. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर बैलजोडी हे चिन्ह कोणाचे, या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सादिक अली खटल्यात बहुमताची कसोटी मान्य केली, म्हणजे विधिमंडळात आणि पक्ष संघटनेत कोणाकडे अधिक माणसे आहेत ते मोजायचे. शिवसेनेचा फेब्रुवारी २०२३ मधील आणि राष्ट्रवादी काँग्रेसचा फेब्रुवारी २०२४ मधील निर्णयही याच परिच्छेदाखाली झाला. भाऊबंदकीत जमिनीवर हक्क कोणीही सांगावा, पण शेवटी सातबारा ज्याच्या नावावर त्याचीच वहिवाट चालते. पक्षाच्या वाटणीत हा सातबारा म्हणजे चिन्ह.

अण्णा द्रमुकच्या बाबतीत ही कसोटी दोनदा लागली. मार्च २०१७ मध्ये, जेव्हा भांडण पन्नीरसेल्वम विरुद्ध शशिकला असे होते, आयोगाने आर. के. नगर पोटनिवडणुकीच्या तोंडावर 'दोन पाने' गोठवली. पन्नीरसेल्वम गटाला विजेचा खांब मिळाला आणि शशिकला गटाचे उमेदवार दिनकरन यांना टोपी. तमिळनाडूच्या उन्हात कार्यकर्ते टोप्या घालून फिरू लागले आणि मतदानाला दोन-तीन दिवस उरले असताना पैसेवाटपाच्या तक्रारींमुळे आयोगाने निवडणूकच रद्द केली. ऑगस्टमधील समेटानंतर मात्र गटांची रचनाच बदलली. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी आयोगाने १११ आमदार आणि ४२ खासदारांचा पाठिंबा पाहून नाव व चिन्ह पलानीस्वामी-पन्नीरसेल्वम गटाला दिले. यातील खोच पाहावी: १८ आमदार सप्टेंबरमध्येच अपात्र ठरले होते, आणि मोजणी नोव्हेंबरमध्ये झाली. ते १८ जण धरले असते तरी निकाल बदलला नसता हे खरे, पण अध्यक्षांच्या निर्णयाची सावली आयोगाच्या तराजूवर पडू शकते, हे कायद्यातील उणेपण यातून दिसते.

आणि मग मतदार बोलला. डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा झालेल्या आर. के. नगर पोटनिवडणुकीत दिनकरन अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांना टोपी हवी होती, मिळाला प्रेशर कुकर. घरोघरी ओळखीची वस्तू असल्याने प्रचाराला चिन्ह समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. त्यांना ८९,०१३ मते मिळाली, 'दोन पाने' घेऊन उभ्या असलेल्या ई. मधुसूदनन यांना ४८,३०६, आणि द्रमुकच्या उमेदवाराची अनामत रक्कमही गेली. जयललितांच्या मतदारसंघात जयललितांच्याच चिन्हाचा ४०,७०७ मतांनी पराभव झाला होता. १९८९ चा इतिहास पुन्हा घडणार, असे दिनकरन समर्थकांना वाटले तर नवल नाही.

मेलूरची घोषणा या जोरावर झाली. झेंडा काळा, पांढरा आणि लाल, मधोमध जयललितांचे चित्र; नावात 'अम्मा' आणि 'मक्कळ' म्हणजे जनता. नावातून 'द्रविड' आणि 'अण्णा' दोन्ही गायब झाल्याचे अनेकांना खटकले आणि दिनकरन यांच्या बाजूचे नामवंत वक्ते नांजिल संपत यांनी घोषणेनंतर दोनच दिवसांत याच कारणावरून साथ सोडली. पण नावापेक्षा नोंदणीचा प्रश्न गुंतागुंतीचा होता. नवा पक्ष नोंदवला की जुन्या पक्षावरचा दावा सोडल्यासारखे होते, आणि 'दोन पाने'चा खटला न्यायालयात अजून जिवंत होता. शिवाय दिनकरन अपक्ष आमदार होते, आणि निवडणुकीनंतर एखाद्या राजकीय पक्षात सामील झालेला अपक्ष आमदार दहाव्या परिशिष्टानुसार अपात्र ठरतो. ही दुसरी अडचण त्यांनी कितपत विचारात घेतली हे बाहेरून सांगता येणार नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ती होती.

या अर्धवट अवस्थेची किंमत २०१९ मध्ये मोजावी लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा 'दोन पाने'बाबतचा निर्णय कायम ठेवला. लोकसभा निवडणूक आणि विधानसभेच्या पोटनिवडणुका तोंडावर होत्या. नोंदणीकृत पक्षाला मान्यता नसली तरी काही अटींवर सर्व उमेदवारांसाठी समान चिन्ह मागता येते. इथे मात्र पक्षच नोंदलेला नव्हता, म्हणून आयोगाने कुकर देण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर मुक्त, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेल्या, चिन्हांपैकी एक समान चिन्ह देण्यात आले, पण ते होते भेटवस्तूची पेटी, आणि उमेदवार कागदोपत्री अपक्षच राहिले. सव्वा वर्ष रुजवलेला कुकर बाजूला ठेवून मतदानाला जेमतेम तीन आठवडे असताना नवे चित्र घराघरात पोहोचवायचे होते. पक्षाला राज्यात सुमारे ५ टक्के मते मिळाली, जागा एकही नाही.

विधानसभेच्या पोटनिवडणुका त्याहून निर्णायक होत्या. त्या २२ जागांवर होत्या आणि त्यांपैकी १८ अपात्र आमदारांच्या होत्या. द्रमुकने १३ जिंकल्या, अण्णा द्रमुकने ९, आणि दिनकरन यांच्या संघटनेला भोपळाही फोडता आला नाही. त्या नऊ जागांमुळे पलानीस्वामी यांचे सरकार उरलेली मुदत निर्धास्त चालले. फुटीर गटाकडे सत्ता नसेल तर तो किती काळ टिकतो, याचे उत्तर त्यानंतर झपाट्याने मिळू लागले. अठरांपैकी सेंथिल बालाजी डिसेंबर २०१८ मध्येच द्रमुकमध्ये गेले होते आणि मे २०१९ मध्ये अरवकुरिचीतून द्रमुकच्या 'उगवता सूर्य' या चिन्हावर निवडूनही आले. जून २०१९ मध्ये तंग तमिळसेल्वन यांनीही द्रमुकचा रस्ता धरला. दिनकरन यांच्या पक्षाने नंतर रीतसर नोंदणी करून घेतली आणि २०२१ ची विधानसभा निवडणूक कुकरवरच लढवली, परंतु मते अडीच टक्क्यांच्याही खाली आली आणि स्वतः दिनकरन कोविलपट्टीतून पराभूत झाले. दक्षिणेकडील जिल्हे आणि कावेरीचा त्रिभुज प्रदेश, जिथे मुक्कुलत्तोर समाजात शशिकला कुटुंबाचा प्रभाव आहे, तिथे त्यांच्या मतांनी अण्णा द्रमुकचे नुकसान केले, एवढेच त्या वेळचे बळ म्हणायचे.

पन्नीरसेल्वम यांचे पुढे काय झाले, हेही या कथेचाच भाग आहे. समेटातून संयुक्त नेतृत्व मिळवलेल्या पन्नीरसेल्वम यांना जुलै २०२२ मध्ये पलानीस्वामी गटाने सर्वसाधारण सभा भरवून पक्षातून काढले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सभेला मान्यता दिली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते रामनाथपुरममधून फणसाच्या चिन्हावर अपक्ष लढले आणि हरले. २०१७ मध्ये एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले दिनकरन आणि पन्नीरसेल्वम या वेळी भाजपप्रणीत आघाडीत एकाच बाजूला होते. दिनकरन यांनी थेनी निवडले, म्हणजे त्यांच्या जुन्या पेरियकुळम मतदारसंघाचा पट्टा. तिथून ते १९९९ मध्ये 'दोन पाने'वर खासदार झाले होते. या वेळी चिन्ह कुकर होते. ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले, अण्णा द्रमुकचा उमेदवार त्यांच्याही मागे पडला, आणि खासदार झाले द्रमुकचे तंग तमिळसेल्वन, ज्यांनी सात वर्षांपूर्वी दिनकरन यांच्यासाठी राज्यपालांना पत्र देऊन आपली आमदारकी घालवली होती.